जुन्या शर्वाणीसाठी दोनशे बारा सह्या

राजूर घाटात माझ्या गाडीत अस्वल चढलं होतं, हे देऊळघाटात कोणालाही विचारा. मादी होती. मागच्या दाराने चढली आणि पिलाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. मी तिचं पूर्ण तिकीट फाडलं, पिलाचं अर्धं. मोताळ्याला तिने आधी पिलू खाली उतरवलं, मग स्वतः उतरली. एकतीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो, असले प्रवासी पुष्कळ पाहिले. गावातले लोक ही गोष्ट ऐकून हसतात, पण चहा पाजतात, आणि आणखी एक सांगा म्हणतात.

आता सांगतो आहे ती गोष्ट अस्वलापेक्षा पटायला अवघड आहे. तिच्यावर मला कोणी चहा पाजलेला नाही.

आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला एक मालिका लागते. तिला नाव आहे, पण गावात सगळे ‘साडेसातची’ म्हणतात. तिच्यात शर्वाणी नावाची सून आहे. चार वर्षं ती एकाच बाईने केली, आणि मग दिवाळीनंतरच्या एका सोमवारी शर्वाणी जिना चढून वर गेली ती एक बाई, आणि खाली उतरली ती दुसरीच. घरातल्या एकाही माणसाला पत्ता लागला नाही. नवरा म्हणाला, शर्वाणी, चहा आण. नवीन बाईने आणला.

देऊळघाटात त्या रात्री निम्म्या घरांत भाकरी करपल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी रुक्मिणीबाईंच्या ओट्यावर बायका जमल्या. रुक्मिणीबाई म्हणजे बचत गटाच्या अध्यक्ष, आवाज असा की समोरच्या गल्लीतली कोंबडी अंडं देताना थांबते. गावात अर्ज लिहायचा तर मला बोलावतात, म्हणून मीही कागद घेऊन बसलो होतो.

“नाक पाह्यलं काय तिचं?” एक म्हणाली.

“जुनी रडली का आपला पदर वला होये. ही रडते तं वाटते सर्दी झाली.”

“अन् चालते कशी?” बांगड्या भरणारी बिलकिस म्हणाली. “चपलीच्या दुकानात माप पाह्यल्यावानी.”

रुक्मिणीबाई सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलल्या. “नारायणभाऊ, लिहा. ज्या बाईनं चार वर्षं घर सांभाळलं, तिले एका दिवसात काढता, अन् तिच्या जागी दुसरी आणून उभी करता. आम्ही काय आंधये आहो? आमाले आमची जुनीच सून पायजे.”

मी शब्दन् शब्द लिहिला. सह्या आणि अंगठे मिळून दोनशे बारा झाले. ज्या बाईला डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे महिनाभर टीव्ही बंद होता, तिनेही अंगठा दिला. म्हणाली, “मले आवाजच येगळा लागला.”

आता हेही सांगायला पाहिजे की रुक्मिणीबाईंची स्वतःची सून छाया तेव्हा दहा महिन्यांपासून माहेरी, उंद्रीला होती.

कारण काय, तर दूध. सासू-सून शेजारी बसून साडेसातची बघत होत्या आणि चुलीवर दूध उतू गेलं. दोघी बसल्या होत्या, पण दूध उतू घालवलं फक्त छायाने. शब्दाला शब्द लागला. सकाळी रुक्मिणीबाई म्हणाल्या, “चार दिवस माहेरी जाऊन ये. पोरीले इथंच राहू दे, तुले आराम भेटंन.” पोरगी म्हणजे योगिनी, तेव्हा तीन वर्षांची.

चार दिवस गेले, पण न्यायला कोणी गेलं नाही. आमच्याकडे भांडून माहेरी गेलेली सून आपल्या पायाने परत येत नाही, सासरचं कोणी तरी न्यायला यावं लागतं. ती आपण होऊन आली तर जन्मभर ऐकते, न विचारता आली म्हणून. छायाचे वडील महादेवराव सांगत होते, “न्यायले या, पाच मिनिटात धाडतो.” छायाचा नवरा कुलदीप, बुलढाण्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, तो म्हणत होता, “आई म्हनंन तं जातो.” आणि आई काही म्हणत नव्हती. पहिले दोन महिने योगिनी संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायची. मग बसेनाशी झाली.

सह्या घेता घेता मी ओट्यावरच्या बायकांना हळूच विचारलं होतं, छायासाठी असाच एक कागद काढू काय?

“ते त्याह्यच्या घरचं हाय, नारायणभाऊ,” एक म्हणाली. “आपुन कशाले मधात पडा?”

बिलकिसने बांगड्यांची पेटी बंद केली.

तेव्हा मी माझी जुनी विद्या काढली. आठ दिवसांनी रुक्मिणीबाईंकडे गेलो आणि सांगितलं, चॅनलवाल्यांचा फोन होता. अर्ज वाचून तिकडे सगळे हादरले आहेत. येत्या गुरुवारी त्यांचा माणूस कॅमेरा घेऊन येणार. ज्या घरातून आवाज उठला त्या घरचे सासू, सून आणि नात मालिका कशी बघतात, ते साऱ्या महाराष्ट्राला दाखवणार.

रुक्मिणीबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. “सून पायजेच काय?”

“पायजेच. सून नसंन तं मलकापूरच्या एका घरी जाऊन राह्यले ते.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

हे ‘बरं’ मी होकार म्हणून घेतलं. पन्नास वर्षं थापा मारल्या, पण समोरच्याच्या मनात काय शिजतं ते ओळखायला शिकलो नाही.

कॅमेऱ्याची सोयही केली होती. रोहिणखेडचा जाकीर लग्नाचं शूटिंग करतो. त्याचा बाप माझ्या गाडीचा रोजचा प्रवासी. त्याला सगळं खरं सांगितलं, आणि काय विचारायचं ते पाठ करून घेतलं. आधी सासूला विचार, ही तुमची सून का. मग पोरीला विचार, तुझी आई कोणती. माझ्या डोळ्यांपुढे चित्र होतं: पोरगी छायाच्या गळ्यात पडते, गाव बघतं, कॅमेरा बघतो, आणि मग कोणाच्या बापाची छाती आहे तिला परत पाठवायची.

मधल्या रविवारी उंद्रीला जाऊन महादेवरावांना सांगून आलो, बुधवारी न्यायला येतील, पोरीला तयार ठेवा.

बुधवारी संध्याकाळी कुलदीप दुकानातच होता.

गुरुवारी पहिल्या गाडीने मी निघालो. उंद्रीला पोचलो तर छायाची बॅग ओट्यावर. ती बुधवारी दुपारपासून तिथेच होती, दव पडून ओली झालेली.

“कोनी आलं नाई,” महादेवराव म्हणाले.

“मी आलो ना. रुक्मिणीबाईनंच धाडलं मले. कुलदीपले दुकानातून निघता आलं नाई.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्यांना विश्वास ठेवायचा होता, मला तो ठेवायला लावायचा होता. न्यायला आलेल्या पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी मला कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. नवी कोरी पांढरी टोपी. मी ती घालून गाडीत बसलो.

एकतीस वर्षं मी लोकांना तिकिटं दिली. आता पंचाहत्तरी उलटल्यावर माझंच तिकीट लागत नाही, आणि बायकांना अर्धं. म्हणजे त्या दिवशी आम्ही दोघं मिळून अर्ध्या तिकिटाचे प्रवासी होतो.

“आत्याबाई काय म्हनल्या, काका?” चिखलीच्या अलीकडे छायाने विचारलं.

“म्हनल्या, पोरगी तिच्याबिगर झोपत नाई.”

तिने पिशवीतून एक फ्रॉक काढला, पिवळा, गळ्याशी भरतकाम केलेला. स्वतः शिवलेला. “अंदाजानं शिवला. किती मोठी झाली असंन आता?” तिने सीटपासून हाताने उंची दाखवली. मी माझा हात तिच्या हाताच्या चार बोटं वर धरला. तीही थापच होती, मी पोरीकडे कधी नीट बघितलं नव्हतं.

चिखलीला गाडी बदलली, बुलढाण्याला बदलली, आणि अकराच्या सुमारास देऊळघाटात उतरलो. रुक्मिणीबाईंच्या दारात अर्धं गाव. आम्ही मागे उभे राहिलो. मी उंच आहे, मला आधी दिसलं.

ओट्यावर सतरंजी. मधोमध रुक्मिणीबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून. त्यांच्या उजव्या हाताला शेजारच्यांची सून डिंपल, छायाच्या लग्नातला शालू नेसून. मागे कुलदीप, केस ओले करून विंचरलेला. डिंपलच्या मांडीवर योगिनी. आणि बिलकिस डिंपलच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती.

जाकीरने गर्दीत मला शोधलं. तो छायाला ओळखत नव्हता, डिंपललाही नाही. त्याला वाटलं सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे. त्याने कॅमेरा सुरू केला. मी हात वर केला, पण टोपीवाल्या म्हाताऱ्याचा वर गेलेला हात त्याने शाबासकी समजून घेतला.

“काकू, ही तुमची सून?”

“हाव,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “पाच वर्षं झाले, हिनंच घर सांभाळलं. आमी दोघी एकाच ताटात जेवतो.”

दोनशे बारा सह्यांपैकी शंभर तरी तिथे उभ्या होत्या. कोणी खोकलंसुद्धा नाही.

“बेटा, तुझी आई कोणती?”

योगिनीने आजीकडे बघितलं. आजीने मान हलवली. पोरीने डिंपलच्या छातीवर बोट ठेवलं. “ही.”

लोकांनी रोखलेला श्वास सोडला. रुक्मिणीबाईंनी कमरेची पिशवी सोडून पोरीला चॉकलेट दिलं. ते चोखत चोखत तिची नजर गर्दीवर फिरली आणि छायावर येऊन थांबली. बराच वेळ थांबली. टीव्हीतलं माणूस कधी जत्रेत समोर आलं तर आपण बघतो तशी ती बघत होती. कुठं तरी पाहिलं आहे, पण नाव आठवत नाही.

रुक्मिणीबाईंनाही छाया दिसली. त्यांनी पदर सावरला आणि जाकीरला म्हटलं, “या बाजूनं घे, इकडून उजेड चांगला हाय.” कुलदीपने खिशातला मोबाइल काढून त्यात तोंड घातलं.

मला वाटलं छाया आता पुढे जाईल, ओरडेल, शालूला हात घालेल. मी तर तिची वाट मोकळी करायला दोघांना बाजूलाही सारलं होतं. ती हलली नाही. आमच्या पुढच्या बायका आपसांत बोलत होत्या, त्या तिला ऐकू येत होत्या.

“डिंपलनं काम चांगलं केलं व माय.”

“छायापेक्षा अंगानं भरली हाय ना, फोटोत उठून दिसते.”

“पोरगीही लवकर रुळली तिच्यासंगं.”

बिलकिस ओट्यावरून उतरून आमच्याजवळ आली. छायाकडे न बघता म्हणाली, “बाई, उनात काऊन उभी हाय? सावलीत ये.” आणि पेटी उचलून निघून गेली.

जाकीर बॅटरी बदलायला लिंबाखाली आला तेव्हा छाया त्याच्याकडे गेली. “मले दाखवता काय?” तोवर त्यालाही उमगलं होतं, त्याचा चेहरा उतरला. त्याने काडेपेटीएवढ्या पडद्यावर दाखवलं. तिने दोनदा बघितलं. मग म्हणाली, “माह्या मोबाइलवर पाठवा.”

पिवळा फ्रॉक तिने माझ्या हातात दिला. “देऊन या, काका.”

“काय सांगू?”

“सांगा, चॅनलनं बक्षीस देल्लं. माहं नाव घेतलं तं घालू देणार नाई.”

मी तसंच सांगितलं. माझ्या आयुष्यातली ही एकच थाप दुसऱ्याने रचलेली. रुक्मिणीबाईंनी फ्रॉक लोकांना दाखवला, तिथल्या तिथे पोरीला घातला. चार बोटं आखूड झाला.

परतीच्या गाडीत छाया बोलली ती चिखली गेल्यावर. “काका, तुम्ही त्या शर्वाणीसाठी अर्ज केला ना. मी असती तं सही नसती केली. मले नवीन आवडते.”

“काऊन?”

“तिले शूटिंगले न्यायले रोज घरी गाडी येत असंन.”

उंद्रीला महादेवराव ओट्यावरच होते. आम्हा दोघांना बघून उभे राहिले. मी सगळं कबूल करायला तोंड उघडलं, तर छाया आधी बोलली. “पोरगी मजेत हाय, बाबा. घरी पाहुने लय होते. मीच म्हनलं, अजून चार दिवस राहते.” चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी टोपी काढून पुढे केली. म्हातारा म्हणाला, “राहू द्या, तुमाले शोभते.”

याला आता चार महिने झाले. चॅनलचं उत्तर आलं नाही. नव्या शर्वाणीची गावाला सवय झाली. परवा ओट्यावर जुनीचा विषय निघाला, तर रुक्मिणीबाईच म्हणाल्या, “ते जुनी लय रडायची बाप्पा. हीच बरी.” डिंपल अजून अधूनमधून योगिनीला घेऊन जाते. शालू परत आला की नाही, मी विचारलं नाही.

रुक्मिणीबाई मात्र मला दिसेल तिथे थांबवतात. “नारायणभाऊ, आपलं ते शूटिंग कधी दाखवून राह्यले?”

“रोज दाखवते,” मी सांगतो. “उंद्रीकडं दिसते. आपल्याकडं नाई येत.”

त्या हसतात. म्हणतात, तुमचं आपलं अस्वलावानीच असते.