आठवा फर्मा

धप्पकन आवाज झाला आणि टेबलावरचा चहा बशीत सांडला.

"वहिनी, हे वाच. यात सगळं आहे. स-ग-ळं!"

नणंदेनं आणलेलं पुस्तक इतकं जाड होतं की उशाला घेतलं असतं तर मान अवघडली असती. खळीनं मधलंच पान उघडलं, चार ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटून टाकलं.

"अगं, यात शिंक आली तरी दवाखाना गाठा म्हटलंय. एवढी भीती पोटात भरली, तर बाळानं राहायचं कुठं?"

"मग मी आणलेलं बघ की," नवरा म्हणाला. त्यानं रद्दीवाल्याच्या ढिगातून एक पिवळं पडलेलं पुस्तक निवडून आणलं होतं. गरोदर बाईनं सायकल चालवावी की नाही यावर त्यात अख्खा धडा होता. "आम्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचं बरं असतं. एक मशीन, एक पुस्तक. दार अडकलं की पान उघडा."

"अहो, मी लिफ्ट आहे का?"

"वजनाची मर्यादा तर ओलांडलीच आहेस!"

"आमच्या वेळी कुठली आली पुस्तकं?" सासूबाई आतून ओरडल्या. "तरी झाली ना पोरं? हा बघा, झालाच की!"

"तेच तर आई," नणंद म्हणाली. "पुस्तक असतं तर दादा जरा बरा झाला असता."

खळी खदखदून हसली आणि तिच्या डाव्या गालावर खळी पडली. पण तिचं नाव या खळीवरून पडलेलं नव्हतं. ती वाचनालयात बाइंडर होती. फाटकी पुस्तकं उसवायची, शिवायची, चिकटवायची. दिवसभर चिकटवायच्या खळीत हात, म्हणून तिथल्या लोकांनी तिला चिडवायला हे नाव ठेवलं. गालावरची खळी त्यांना नंतर दिसली, आणि मग ते नाव तिला असं चिकटलं की सुटता सुटेना.

हसणं ओसरलं तशी तिनं बशीतला चहा पुन्हा कपात ओतला. तिला पुस्तक खरंच हवं होतं. आई असती तर तिनं शंभर वेळा फोन केला असता, आई गं, पाय सुजलेत, आई गं, असं का होतंय? पण आई नव्हती. सासूबाई प्रेमळ होत्या, पण त्यांचं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "होतं असं." आई नसलेल्या बाईनं विचारायचं कुणाला? पुस्तकालाच.

आणि पुस्तक निवडायची खळीची स्वतःची एक पद्धत होती. मुखपृष्ठ बघायची नाही, लेखकाच्या पदव्या तर मुळीच नाही. जे पुस्तक वाचून वाचून झिजलंय ते खरं! कोरं करकरीत राहिलेलं पुस्तक म्हणजे कुणाशीच न पटलेला माणूस.

असं एक पुस्तक तिला ठाऊक होतं. निळ्या कापडाचं, आई होणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं. ते दुरुस्तीला इतक्या वेळा यायचं की ग्रंथपालबाई म्हणायच्या, "आली बघ तुझी माहेरवाशीण." या वेळी ते आलं तेव्हा खळीला आठवा महिना लागला होता. तिनं बाकीचा ढीग बाजूला सारला आणि ते आधी हातात घेतलं.

पुस्तक फर्म्यांनी बनतं. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून झालेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवत जायचं. या पुस्तकाचा आठवा फर्मा सगळ्यात वाईट अवस्थेत होता. कडा विरलेल्या, कोपऱ्यांवर बोटांचे डाग. खळीनं फाटलेल्या जागी पातळ कागदाची ठिगळं लावली, अगदी बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशा हलक्या हातानं, आणि तो फर्मा दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून वजनाखाली वाळत ठेवला.

मग बाकीचं शिवायला घेतलं. शिवण्याआधी फर्मे मोजायचे, हा धंद्यातला पहिला धडा. पण मध्येच बाई काहीतरी विचारायला आल्या, पोटात बाळानं एक सणसणीत लाथ मारली, बाई म्हणाल्या, "बघू बघू!", दोघी हसल्या, आणि मोजायचं राहून गेलं. संध्याकाळी खळी आपलं पुस्तक घेऊन ऐटीत घरी आली.

ते पुस्तक किती छान होतं! समजुतीनं बोलणारं. मावशीनं जवळ बसवून सांगावं तसं. ती रोज थोडं थोडं वाचायची, संपू नये म्हणून.

आणि मग एक दिवस बाळ हललं नाही.

एरवी दुपारी वाचनालयात तिनं पुस्तकं दाबायच्या यंत्राचा दांडा फिरवला की आतून ढुशी यायची, जणू विचारायचं, काय चाललंय बाहेर? त्या दिवशी काही नाही. ती पाणी प्यायली, कुशीवर कलली, पोटावर टिचकी मारली. "ए, झोपलास का?" खूप वेळानं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. किंवा नसेलही.

घरी आल्या आल्या तिनं पुस्तक उघडलं. पानाच्या तळाशी हवी तीच ओळ सापडली. "बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर". आणि समोरच्या पानावर, "काळजी करू नये. हे अगदी स्वाभाविक आहे. मन शांत ठेवून विश्रांती घ्यावी."

खळीनं मोठा श्वास सोडला.

"होतं असं," सासूबाईही म्हणाल्या. "जागा कमी पडते ना लेकराला आता."

नवऱ्यानं विचारलं, "नक्की? जाऊन येऊ या का?"

"पुस्तकात आहे हो," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

सकाळी नणंद आली. "काय म्हणतोय आमचा पैलवान?"

"निवांत आहे. कालपासून."

"निवांत म्हणजे?" नणंदेचा चेहरा बदलला. "वहिनी, हलत नाहीये? अगं, माझ्या पुस्तकात तर लगेच..."

"तुझ्या पुस्तकात शिंकेलाही लगेचच आहे. थांब, दाखवते." खळीनं निळं पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं आणि मोठ्यानं वाचू लागली. "'कमी वाटली, तर काळजी करू...'"

ती थांबली. तिचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर होता. डावीकडे एकशे बारा. उजवीकडे एकशे एकोणतीस.

तिनं पुस्तकाच्या पोटात बोट घालून दोरा चाचपला. दोन फर्म्यांच्या मध्ये आठवा फर्मा नव्हता. एका वाक्याचं डोकं आणि दुसऱ्याच वाक्याचं धड, आणि शिवण अशी घट्ट, अशी सुबक, की कुणालाही शंका येऊ नये. तिचीच शिवण होती ती.

"वहिनी?"

"चल," खळी म्हणाली. चप्पल शोधायलाही ती थांबली नाही.

दवाखान्यात परिचारिकेनं पोटावर पट्टा बांधला. यंत्र बराच वेळ नुसतं खरखरत राहिलं. मग अगदी खोलातून ठोके आले, दमलेल्या माणसानं जिना चढावा तसे.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

"आणि आत्ता येताय?"

"पुस्तकात..." खळी म्हणाली.

मुलगी झाली. पोट उघडून काढावी लागली. वीतभर जीव, रडलीसुद्धा नाही नीट. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "श्वास घेतेय. पण त्या तासांमध्ये मेंदूला काय झालं असेल, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. वाट बघायची."

वाट बघायची! ते तर तिनं केलंच होतं.

घरच्यांपैकी कुणी तिला काही बोललं नाही. सासूबाईंनी "होतं असं" म्हणणं बंद केलं. नणंद पाय दाबत बसायची. कुणीतरी शिव्या दिल्या असत्या तर खळीला बरं वाटलं असतं. उठून बसता यायला लागलं तशी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, वाचनालयात जा. माझ्या टेबलावर वजनाखाली दोन पुठ्ठे आहेत. ते तसेच्या तसे आणा. आणि सुई-दोरा. घरातलं निळं पुस्तकही."

तो गेला आणि घेऊन आला.

काचेपलीकडे पेटी दिसेल अशा बाकावर ती बसली आणि पुस्तक उसवू लागली. परिचारिका येता येता थबकली. "अहो ताई, तुमचेच टाके ओले आहेत अजून, आणि तुम्ही पुस्तकाला टाके घालताय?"

खळीनं पुठ्ठ्यांमधून आठवा फर्मा काढला. तो छान वाळला होता, एक सुरकुती नव्हती. पहिल्या पानाची पहिली ओळ तिनं आज प्रथमच वाचली. "क्षणभरही वाट पाहू नये." त्या ओळीखालचा कागद बोटांनी झिजून पिंजला होता. किती जणींनी तिच्यावर बोट ठेवलं असेल, आणि उठून धावत गेल्या असतील.

शेजारी एक पोटुशी बाई येऊन बसली. पहिलटकरीण असावी. थोडा वेळ ती सुईकडे बघत राहिली, मग पुस्तकाकडे.

"ताई, चांगलं आहे का हे? मला कुणीतरी एखादं वाच म्हणालंय, पण कुठलं घ्यावं कळेना."

"चांगलं आहे," खळी म्हणाली. पेटीत काहीतरी हललं का, म्हणून तिनं मान वर केली, बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

"देते तुम्हाला. थांबा जरा, पुरं होऊ दे."

आणि ती पहिल्यापासून फर्मे मोजू लागली.