डाव्या गालावरचा व्रण

कानांपाशी चिकटपट्ट्या लावायच्या, कातडी मागे ओढायची, वरून विग चढवायचा, की वय बरंचसं लपतं. पण शेहेचाळीस वर्षांच्या बाईने चित्रकथेतल्या एकोणीस वर्षांच्या तलवारबाज हागिनोचा वेश करायचा म्हणजे काही खायचं काम नव्हे. कोझुए सकाळपासून त्याच खटाटोपात होती.

हागिनोचा निळा किमोनो तिने ऐन उमेदीत स्वतः शिवला होता. मग आईने अंथरूण धरलं आणि किमोनो पेटीत गेला तो गेलाच. मागच्या हिवाळ्यात आई वारली, तेव्हा कुठे पेटी उघडली. तोकिएला तिने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "एक फोटो काढून बघू. बरा आला तर ठीक. नाहीतर किमोनो कुणा तरुण पोरीला देऊन टाकते आणि हा नाद सोडते."

तोकिए म्हणजे तिची त्या दिवसांपासूनची मैत्रीण. आठवडाभर औषधाच्या दुकानात उभी राहायची आणि सुट्टीला गळ्यात कॅमेरा. ऊन कुठे पडतं ते पाहायला ती या बागेत आधीच दोन खेपा घालून गेली होती. वेश करून आलेल्यांना बाग वर्षातून एकच रविवार आत घ्यायची. दुपार कलली की ऊन गिंकोच्या झाडाखाली तिरपं शिरायचं आणि पायरीवर बसलेल्या माणसाच्या डाव्या गालावर पडायचं. थोड्या वेळाने डोंगर ते गिळायचा. हागिनोचा व्रण डाव्याच गालावर. सगळं कसं जुळून आलं होतं.

त्या पायरीसाठी रांग होती. पुढचा नंबर या दोघींचा होता, तेवढ्यात मागून एक मुलगी वाकून म्हणाली, "माफ करा हं, तुम्हीपण हागिनोच ना? तुमचं झालं की आपण एकत्र एक फोटो काढायचा का?"

कोझुए वळली. मुलीचा व्रण डाव्या गालावर होता. आणि कोझुएचा स्वतःचा, उजव्या. मुलीला ते दिसलं असणारच, पण बिचारीने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"अगं, चित्रात ज्या बाजूला दिसतो तिथेच आरशात बघून काढला मी," कोझुए पुटपुटली.

"आरशात उलटं दिसतं, बाई. एवढ्या वर्षांत तेही विसरलीस?" तोकिए म्हणाली.

"मग तोंड पलीकडे फिरवून बसते, उजव्या गालावर ऊन येईल."

"बस की. मागे संडास आणि कॉफीचं मशीन येईल. हागिनो लघवीला जाऊन आली असं वाटेल."

"मग घरी गेल्यावर फोटोच उलटा कर."

तोकिएने तिच्या छातीवरच्या किमोनोकडे बोट केलं. "फोटो उलटा केला की याची उजवी बाजू वर येईल. तसा प्रेताला नेसवतात. मी जिवंत बाईचा फोटो काढायला आलेय."

आईला शेवटचा किमोनो तसाच, उजवी बाजू वर घेऊन, कोझुएनेच आपल्या हाताने नेसवला होता. तिला एकदम रडूच आलं. आपण इथे आलोच कशाला, असं वाटून गेलं.

तोकिएने पिशवीतून तेलाची बाटली काढली. "पुसून टाक. व्रण मी काढते."

"तेल लागलं की पट्ट्या सुटतील. रंगही सगळा जाईल."

"जाऊ दे. ऊन बघ कुठे आलंय."

ऊन पायरीवर आलं होतं. कोझुएने तोंड पुसलं. आधी व्रण गेला, मग रंग, आणि शेवटी पट्ट्याही ओल्या होऊन सुटल्या. तोकिएने तिची हनुवटी धरून डाव्या गालावर झरझर व्रण ओढला आणि तिला पायरीवर बसवलं. कॅमेरा वाजत राहिला, पिवळी पानं गळत राहिली. हसायचं की कठोर दिसायचं, कोझुएला काही सुचेना. ती नुसतीच उन्हाकडे बघत बसली. गालाला ऊब लागत होती, बरं वाटत होतं.

डोंगराने ऊन गिळलं तशी तोकिएने शेजारी बसून कॅमेरा तिच्या हातात दिला. "हे बघ. नको म्हणालीस तर फोटो आत्ताच पुसते. रेवड्या उडवायच्या त्या माझ्या उडव."

कोझुएने पाहिलं. डोळ्यांच्या कडेच्या रेघा दिसत होत्या, ओठांच्या कडाही उतरलेल्या. व्रण मात्र ताजा वाटत नव्हता, कधीचाच भरून आल्यासारखा दिसत होता. तिने बराच वेळ पाहिलं. आपलाच चेहरा आपल्याला आवडतोय, याचं तिला नवल वाटलं.

"मी बघू का?" रांगेतल्या मुलीने विचारलं. कोझुएने मान डोलावली तशी ती खाली वाकली आणि बघतच राहिली. "ही कुठल्या भागातली हागिनो? ती तर शेवटच्या लढाईत मरते ना? एकोणिसाव्या वर्षीच."

"ही वाचली," कोझुए म्हणाली.

मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. हा विषय तिच्या जिव्हाळ्याचा होता. "मग इतकी वर्षं होती कुठे?"

"घरी. आईला सांभाळत होती."

मुलगी गंभीरपणे विचार करत राहिली. "हो, ती तसंच करेल," ती म्हणाली. "आणि आता?"

कोझुएने कॅमेरा तोकिएच्या हातात दिला. "ठेव हा फोटो. आणि एकही रेघ पुसू नकोस," ती म्हणाली. मग सरकून तिने पायरीवर मुलीला जागा करून दिली.