डाव्या हातांचा तास

फिलिपिन्समधल्या मियागावच्या हायस्कुलात मार्च म्हणजे सोंगांचा महिना. शिक्षक होऊ घातलेल्या पोरींचा शेवटचा परीक्षापाठ त्याच महिन्यात व्हायचा, आणि त्याच्याइतकं खोटं नाटक साऱ्या पनाय बेटावर दुसरं होत नसे. फिएस्टाच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकातले नट निदान आपण नट आहोत हे कबूल तरी करत.

सालुद नोब्लेझादा तेव्हा वीस वर्षांची होती. इंग्रजी शिकवण्याचं तिचं प्रशिक्षण संपत आलं होतं. पाठ चांगला झाला तर याच शाळेतली रिकामी जागा तिला मिळणार होती. शाळा घरापासून दहा मिनिटांवर. वडील गेल्यापासून आई एकटीच असायची, आणि त्या जागेसाठी तिने ओळीने आठ बुधवार चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या होत्या. पाठ बिघडला तर सरकार पाठवेल तिथे जायचं.

परीक्षक होते मनिलाचे डॉक्टर एस्कारेझ. नऊ महिने अमेरिकेत राहून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या: दुसरी भाषा शिकवण्याचं शास्त्र आणि एक लोकरीचा कोट. शास्त्राचं सार इतकंच, की बाईंनी वाक्य म्हणायचं, पोरांनी तेच म्हणायचं, मग एक शब्द बदलून पुन्हा तेच. पोपट थकला असता, डॉक्टर थकत नसत. वर्गात घरची भाषा निघाली की गुण कापले. चूक दिसली की तिथल्या तिथे ठेचायची, नाहीतर ती मूळ धरते. जातील तिथे ते दोन माणसांच्या डोक्यावरून एक टेपरेकॉर्डर नेत. मियागावात वीज यायची संध्याकाळी सहाला, त्यामुळे ते यंत्र दिवसभर टेबलावर देवासारखं बसून राही. बोलत नसे, पण कुणी हात लावायचा नाही.

नमुन्याचा धडा त्यांनी स्वतः घेतला, तो आभाळातून पडणाऱ्या बर्फावर. कोळ्यांच्या चाळीस पोरांनी अर्धा तास ‘बर्फ थंड आहे, बर्फ पांढरा आहे’ असा घोष केला. डॉक्टरांनी कृतार्थ होऊन तोंड पुसलं. मार्चच्या उन्हात कोट घातल्यावर तोंड पुसावंच लागतं.

सालुद मात्र पाच आठवडे वेगळंच करत होती. काल घरी काय झालं, जाळ्यात काय आलं, कोण कुणाशी भांडलं, असं ती पोरांना विचारायची. पोरं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायची, अडली की एकमेकांना शब्द पुरवायची. गलका व्हायचा. तिच्यावर देखरेख करणाऱ्या गेल्वेझोन मॅम हे दाराआडून बघत. तीस वर्षं नोकरी झालेली बाई.

एके दिवशी त्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं. “इन्दाय, पोरी, तुझं हे छान आहे गं. पण परीक्षेला चालायचं नाही.”

“का मॅम? पोरं बोलतात की!”

“बोलतात म्हणूनच! डॉक्टरांना बोलणारी पोरं नकोत, मागून म्हणणारी हवीत. आता नीट ऐक. उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, येत नाही त्याने डावा. बघणाऱ्याला सगळा वर्ग हुशार. तू उजव्यांनाच उठवायचं. आणि हो, एक चूकही बसवून घे.”

“चूक बसवून घ्यायची?”

“मग सुधारशील काय, माझं कपाळ? लुदिविनाला सांग, रेड्याच्या चित्राला बकरी म्हण. आवाज खणखणीत आहे तिचा.”

सालुदला हसू आलं, मग लाज वाटली, मग मेणबत्त्या आठवल्या. चार दुपारी तिने वर्गाकडून सगळं घोटून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी पाठ लोण्यातून सुरी फिरावी तसा झाला. हातांचं रान उभं राहिलं. लुदिविनाने रेड्याला बकरी म्हटलं, सालुदने प्रेमाने सुधारलं, डॉक्टरांनी वहीत दोनदा रेघ ओढली. नंतर खाणं निघालं. पाहुणे झावळीत गुंडाळलेला गोड भात सोलत होते तेवढ्यात शिक्षणाधिकारी सेगोव्हिया धुळीने माखून आले. वाटेत जीपनीचं, त्या वडाप गाडीचं, चाक फुटलं होतं.

“तुमचं फार हुकलं!” डॉक्टर उठलेच. “छे छे, हे पाहिलंच पाहिजे. मिस नोब्लेझादा, पुन्हा घ्या. तोच पाठ!”

तोच वर्ग, तीच चित्रं. तासाभरापूर्वीच जिची चूक सुधारली होती त्या लुदिविनाने रेड्याकडे पुन्हा नवलाने पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बकरी!”

“पाहिलंत?” डॉक्टर सेगोव्हियांच्या कानाशी म्हणाले. “किती नैसर्गिक चूक!”

सेगोव्हिया गालात हसले. एकवीस वर्षं ते खेडेगावात मास्तर होते. ते उठले. “मी एक प्रश्न विचारतो.” प्रश्न यायच्या आतच सगळे हात वर.

“उजवे हात खाली,” ते म्हणाले. “डावे राहू देत.”

गेल्वेझोन मॅमचा हातातला पंखा मिटला. सात डावे हात हवेत लटकत राहिले. सेगोव्हियांनी शेवटच्या बाकावरच्या क्रिसान्ताला उठवलं. ती मासळीवालीची मुलगी.

“तुझ्या आईने आज बाजारात काय विकलं?”

क्रिसान्ताने सालुदकडे पाहिलं. हे घोटलेलं नव्हतं. ‘तिला बरं नाही, सर,’ एवढं सालुदने म्हटलं असतं तरी निभावलं असतं. डॉक्टरांनी तर मानेने ‘बसव’ अशी खूणही केली. सालुदने रेड्याचं चित्र उलटं ठेवलं आणि म्हणाली, “सांग.”

“आई विकते आज बांगडा,” क्रिसान्ता इंग्रजीत धडपडत निघाली. “एक बाई येतो, गिम्बालहून. ती म्हणते मासा म्हातारा. आई म्हणते, तू म्हातारी! बाई मासा नाकाला लावते, परत टाकते. मग आई—” इथे इंग्रजी संपलं, तेव्हा टोपली आपटण्याचा घरचा शब्द तिने दणकून वापरला.

वर्ग फुटला. “आणि मग बाईने विकत घेतला!” कुणीतरी ओरडलं. “नाही, माझ्या आत्याकडून घेतला!” “तुझी आत्या तर शिळंच विकते!” सगळं इंग्रजीत, सगळं वाकडं. सालुद डॉक्टरांना साफ विसरली आणि विचारत सुटली: मग? पुढे? कोण जिंकलं?

डॉक्टरांनी टेबल बडवलं. टेपरेकॉर्डर थरथरला, आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यातून काही आवाज आला.

“एकोणीस चुका!” मुख्याध्यापकांच्या खोलीत ते म्हणाले. “एकही सुधारली नाही! आणि घरचा शब्द! ही शिक्षिका आहे की बाजारातली दलाल?” कोट सावरत ते हात धुवायला गेले.

सेगोव्हिया दार लोटून सालुदला म्हणाले, “त्यांना मी समजावलंय. उद्या सकाळी ठरलेला पाठ पुन्हा घे, डाव्या हातांना घरी ठेव. ते सही करतील, इथली जागा तुझी.”

“पण सर, तुम्हाला तर सगळं कळलं!”

“कळायला काय लागतं? मीसुद्धा असाच पास झालो.” ते जरा ओशाळले. “सही त्यांचीच लागते, पोरी.”

“आणि नाही घेतला तर?”

“मग जेमतेम पास. इग्बारासच्या वर डोंगरात नवीन हायस्कूल निघालंय, तिथे कुणी जायला तयार नाही. शेवटचे तीन तास पायी. तपासणीला मीच जात नाही, डॉक्टर तर या जन्मी यायचे नाहीत.”

सालुदने खिडकीबाहेर पाहिलं. लुदिविनाभोवती पोरींनी कोंडाळं केलं होतं आणि ती डॉक्टरांची नक्कल करत होती, फार चांगली.

“मुलं किती आहेत वर?”

“सव्वीस. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही कुणाला.”

“द्या तिथला कागद.”

“आईला काय सांगशील?”

“आहे तेच सांगेन. चार दिवस बोलणार नाही ती. पाचव्या दिवशी सुकी मासळी बांधून देईल.”

मासळी आईने दिली. पण ती बोलली नाही ते नऊ दिवस. दहाव्या दिवशी जीपनीपर्यंत पोचवायला आली आणि गाडी हलताना एवढंच म्हणाली, “सव्वीसच्या सव्वीस बोलायला लागल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.”