चतुराबाईंची दावण

पुसेगावच्या अलीकडे असलेल्या त्या खेड्यात सन दोन हजार दोन साली सरकारी योजनेच्या गायी आल्या, तेव्हा पहिली गाय चतुराबाईंच्या दारात उतरली. निम्मी किंमत सरकारने भरली होती आणि तीन वर्षे खुराकाचे अनुदान मिळायचे होते. अट एकच होती. गाय ज्याच्या नावावर, त्याच्याच दावणीला ती दिसली पाहिजे.

अटीच्या त्या कागदावर चतुराबाईंनी अंगठा उठवला नव्हता, सही केली होती. साठी ओलांडल्यावर साक्षरता वर्गात बसून त्या सही शिकल्या होत्या आणि सही केलेल्या प्रत्येक शब्दाला त्या स्वतःला बांधील मानत.

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र त्यांची दावण रिकामी होती. पंधरा दिवसांमागे शेजारच्या भिकाबाईची म्हैस दगावली. तिच्या घरात सून बाळंतीण आणि अंगावर दूध नाही. दुसऱ्याच दिवशी, अट मोडल्याचे नुकसान सोसायचे ठरवून, चतुराबाईंनी आपली गाय तिच्या अंगणात नेऊन बांधली. पोसायला दिलेल्या जनावराचे दूध पोसणाऱ्याचे, पहिली कालवड त्याची, आणि पुढचे वेत होईपर्यंत जनावर मागे आणायचे नाही, ही त्या घराची सासूच्या काळापासूनची रीत होती.

"आई, येका सकाळपुरती आनू ना गाय. साहेब गेला की लगेच परत बांधतो," उत्तम उंबऱ्याबाहेरून म्हणाला. पन्नाशी गाठलेला हा मुलगा आईशी अजून आत येऊन वाद घालत नसे.

"काहून? वेताआधी जनावर मागं आनलेलं या घरात तू कधी पाह्यलं काय?"

"मग दगडोबाची टिळ्याची गाय बांधू. योजनेच्या गायी इकून बसलेलं समदं गाव तेच करून राहिलं."

"गावाला करू दे. माझ्या दावणीला परकं जनावर बांधशील, तर त्याच्या बाजूला तुलाबी बांधीन."

चुलीपाशी बसलेली उत्तमची बायको तोंड फिरवून हसली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता तपासणीचे साहेब आले. झाडून लख्ख केलेली रिकामी दावण पाहून ते ओट्यावर टेकले.

"आजी, ती पांढऱ्या टिळ्याची गाय तुमच्याकडे अजून पोचली नाही वाटतं?"

"कोन्ती?"

"सकाळपासून तीन दावणींना तीच पाहिली. कानातला नंबराचा बिल्ला कुठं विचारलं, तर तिन्ही ठिकाणी एकच उत्तर, बोरीच्या काट्यांत अडकून पडला."

"माझी गाय पाहायची तर चला," असे म्हणून चतुराबाई पुढे चालू लागल्या.

त्यांना साहेबांसह येताना पाहून भिकाबाई गायीचे दावे सोडू लागली. "न्या बाई तुमची गाय. माझ्यापायी तुमाला तकलीफ नको."

"गप ऱ्हाय भिके. धार काढायची येळ झाली, ते पाहाय."

गाय अंगाने भरली होती, पाठ चकचकत होती. साहेबांनी कान धरून पिवळ्या बिल्ल्यावरचा आकडा कागदाशी ताडून पाहिला. मग दुसऱ्यांदा पाहिला.

"गावात जुळलेला हा पहिलाच बिल्ला. पण आजी, गाय तुमच्या दावणीला नाही. तसं लिहिलं तर खुराकाचं अनुदान बंद होईल. म्हणत असाल तर तुमच्याच दावणीला आढळली असं लिहितो. दोन अंगणांचा तर फरक आहे."

"भिकाबाईच्या दावणीला हाय, तसंच लिहा. मोठ्यानं वाचून दाखवा. मग सही करते."

साहेबांनी लिहिले, वाचले. चतुराबाईंनी सावकाश, एकही काना न विसरता सही केली.

खुराकाचे अनुदान बंद झाले ते झालेच. चतुराबाईंनी त्याचा विषय घरात निघू दिला नाही. पुढच्या पावसाळ्यात गाय व्याली, कालवड झाली. दूध पिणे सुटताच कालवड भिकाबाईकडे राहिली आणि गाय मूळ दावणीला परतली.

त्यानंतर योजनेची नवी यादी करायला तेच साहेब आले, ते चावडीवर न जाता सरळ चतुराबाईंच्या ओट्यावर.

"नावं तुम्ही सांगा, आजी. मला जनावरं शोधत फिरायचं नाही."

उत्तमने आतून आपण होऊन सतरंजी आणून अंथरली. चतुराबाई ताठ बसल्या.

"पयलं नाव भिकाबाईचं लिहा," त्या म्हणाल्या. "आन तिचा अंगठा घेऊ नका. आठ दिवसांनी या. सही मी शिकवते."