पोरांच्या टीबीची रेघ

आर्णीजवळच्या पाच तांड्यांवरच्या लहान पोरांच्या टीबीचा दहा वर्षांचा आलेख आरोग्य केंद्रातल्या दीपानं काढला, आणि तो पाहून तिथले साहेब खूश झाले. आधी दरसाल तीन-चार पोरं, मग एक, आणि मागची दोन वर्षं भोपळा!

"रोग पळाला म्हणायचा," साहेब म्हणाले.

मोठ्यांचा टीबी जिथल्या तिथं आणि पोरांचाच तेवढा पळाला? दीपाला पटेना. तिनं जुनी रजिस्टरं चाळली. पोरांना तपासणीला पाठवणारी प्रत्येक वेळी एकच, तांड्यावरची आशा कार्यकर्ती लालीबाई. गुडघे दुखतात म्हणून तिनं तीन वर्षांपूर्वी काम सोडलं होतं.

दीपानं स्कूटी काढली. लालीबाई अंगणात तूर पाखडत होती. सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणत.

"याडी, तू काम सोडलं अन् टीबी बी गेला काय?"

"कायले जाते? पोट्टे बेडका गिळून टाकतात. नवी पोरगी डबी देते अन् थुंक म्हणते. पोट्टे नुसती लाळ देतात. लाळेत काय सापडन, कपाळ?"

"मग तू कसं करे?"

"उद्या सकाळी ये. उपाशीपोटी."

"मी?"

"तू नाही वो, पोट्टे!"

दुसऱ्या दिवशी लालीबाईनं खोकणारी, वजन न वाढणारी सात पोरं मोकळ्या माळावर दूर दूर उभी केली आणि स्वतः ठसका लागलेल्या म्हशीसारखी खोकली. पोरं खदखदून हसली. हसता हसता खोकली, अगदी पोटातून. त्यातला बादल तर हसून खालीच बसला. मास्कमागं दीपाचंही हसू आवरेना. सातही डब्या बेडक्यानं भरल्या.

दोघांचा अहवाल टीबीचा आला. एक बादल. दुसरी शीला, लालीबाईचीच नात.

लालीबाईनं शीलाला मांडीवर ओढलं. "माह्याच घरात," एवढंच म्हणाली. मग उठली. "दे गोळ्या. समोर बसवून खाऊ घालते."

नव्या आलेखात रेघ वर गेलेली पाहून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही काहून चढली?"

"रोग होताच साहेब. आता सापडून राह्यला."

साहेबांनी आलेखाकडे पुन्हा पाहिलं आणि बाकीच्या तांड्यांवर कधी जाता, ते विचारलं.

सहा महिन्यांनी दोन्ही पोरं ठणठणीत झाली. शीलाचं वजन चार किलोनं वाढलं. लालीबाईची मात्र तक्रार होतीच: "एकही फ्राक होत नाही वो तिले आता!"