एकट्याला पुरेल असं पुस्तक

शेषरावांना पुस्तक हवं होतं. तेही साधंसुधं नाही, एकट्या माणसाला बुद्धिबळ खेळता येईल असं. वडनेर भोलजीत ते मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी खामगावला लेकीकडे निरोप धाडला, की बाजाराच्या दिवशी येतो, जावईबापूंना सवड असली तर दुकानापर्यंत सोबत यावं.

निरोप ऐकून सोजराचं मन भरून आलं, आणि रागही आला. नवं राज्य होऊन वर्ष उलटलं होतं, खामगावच्या गल्ल्यांतून विजेचे खांब उभे राहत होते, पण तिच्या बापाचे नियम जुने ते जुनेच. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ते येत तेव्हा खांद्याच्या पिशवीत फिरकीच्या झाकणाचा तांब्या असायचा, फडक्यात भाकरी बांधलेली असायची. सोजराच्या ओट्यावर बसून ते गार भाकरी खायचे आणि आत चुलीवर तिची भाजी रटरटत असायची. वास चांगला आला म्हणायचे, तोंड धुवायचे, तेही आपल्याच तांब्यातल्या पाण्यानं, आणि परतीच्या एसटीला निघायचे.

आई गेल्यावर त्यांना सोबत होती ती गावातल्या जुन्या मित्राची, जानरावाची. दोघं वर्षानुवर्षं पटासमोर बसले. सोजरा लहानपणी मधे बसून मारलेली प्यादी गोळा करायची, त्यातूनच तिला खेळ आला. मग जानरावाचा लेक रेल्वेत लागला आणि बापाला भुसावळला घेऊन गेला. अखजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेली तेव्हा सोजरानं पाहिलं ते तिच्या मनातून जात नव्हतं. शेषराव एकटेच पट मांडून बसले होते. एक चाल करायचे, उठायचे, पलीकडे जाऊन बसायचे. आणि पलीकडून जानरावाच्या आवाजात म्हणायचे, "शेष्या, उंट सांभाळ बे."

तिनं तेव्हाच म्हणून पाहिलं होतं, की चार महिने माझ्याकडे येऊन राहा. ते नुसते हसले होते.

तिच्या नवऱ्याला, निवृत्तीला, बुद्धिबळ येत नव्हतं असंही नाही. जिनिंग फॅक्टरीतून सुटला की तो वाचनालयात जाऊन रोज एक डाव खेळायचा. पण सासऱ्यानं जावयासमोर पट कधी मांडला नाही. जावयाला हरवायचं म्हणजे त्याचा मान राहत नाही, आणि मुद्दाम हरायचं म्हणजे पटाशी लबाडी. दोन्ही शेषरावांना जमणारं नव्हतं. त्यामुळे इतकी वर्षं झाली तरी सासरे-जावई भेटले की पाऊसपाण्याचं बोलायचे आणि गप्प व्हायचे.

त्या दिवशी तिघं बाजारपेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार बोलका होता. त्यानं आधी विचारलं, बाबा खेळता कसे, नवखे की मुरलेले? शेषराव म्हणाले, आमच्या गावात आता मीच उरलो, तेव्हा पहिला म्हणा नाहीतर शेवटचा म्हणा.

दुकानदारानं तीन पुस्तकं काढली. एक जाडजूड इंग्रजी होतं, मोठमोठ्या खेळाडूंच्या डावांचं. भाषेची अडचण नाही, म्हणाला, चित्रंच चित्रं आहेत. शेषरावांनी ते हातात तोललं आणि परत दिलं. इतकं वजन पोटावर ठेवून दुपारी झोप कशी लागायची, असं विचारलं. दुसरं मराठीत होतं, नव्या विलायती पद्धतीनं खेळ शिकवणारं. तिसरं पातळसं, पिवळ्या कागदाचं, आपल्या देशी डावाच्या कोड्यांचं.

शेषरावांनी आयुष्यात कोणतीच वस्तू चालवून पाहिल्याशिवाय घेतली नव्हती. त्यांनी पिशवीतून कापडी पट काढला, दुकानाच्या फळीवर अंथरला, सोंगट्या मांडल्या आणि निवृत्तीला मराठी पुस्तकातला पहिला डाव वाचायला सांगितला. गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. पहिल्याच चालीला शेषरावांचा हात हवेत राहिला.

"हे चुकलं हाये," ते म्हणाले. "प्यादं एकदम दोन घरं कसं जाईन? छापखान्यात घोटाळा झाला."

दुकानदारानं पुस्तक उलटसुलट पाहिलं. शेषरावांनी दुसरा डाव काढायला लावला. तिथंही प्यादं दोन घरं गेलं. तिसऱ्यातही. तेव्हा त्यांनी मान हलवून पूर्ण पुस्तकच नासलं म्हणून जाहीर केलं, आणि नासलेला माल दुकानात ठेवू नका असं दुकानदाराला बजावलं. बघणाऱ्यांतला एक जण फिसकन हसला. सोजरानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढं सरकला.

निवृत्ती सासऱ्यासमोर सहसा बोलत नसे. आताही तो बोलला ते दुकानदाराकडे तोंड करून. चूक नाही, म्हणाला, नव्या पद्धतीत प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जाऊ शकतं. आणि आपला राजा घोड्यासारखी एक उडी मारतो, तसा तिथला मारत नाही. तो हत्तीबरोबर जागा बदलून कोपऱ्यात आडोशाला बसतो.

शेषरावांनी पटावरचा राजा उचलून पाहिला. मग तेही दुकानदारालाच म्हणाले, की आमचा राजा एकटाच उडी घेते, याईचा राजा हत्तीले धरून राह्यते. पण तेवढंच. त्यांनी ते पुस्तक बाजूला ठेवलं आणि पिवळं उघडलं. पहिलं कोडं प्याद्यानं मात करण्याचं होतं. जुन्या खेळात त्यासारखा मान दुसऱ्या कशाला नाही. त्यांनी सोंगट्या मांडल्या, मिशीवरून बोट फिरवलं आणि बघता बघता कोडं सोडवलं. दुसरंही. त्यांचा चेहरा उजळला. हेच द्या, म्हणाले, हे एकट्याला पुरतं.

सोजराला पुढचं सगळं दिसलं. संध्याकाळची एसटी, कुलूप काढून उघडलेलं दार, पिवळं पुस्तक आणि तो पट. आता तर पलीकडे उठून जायचीही गरज उरणार नव्हती. चारचौघांत, नवऱ्यासमोर, बापाला टोकणं तिच्या वळणात नव्हतं. तरी ती पुढं झाली.

"बाबा, सुटलेली कोडी विकत काऊन घेता?"

शेषरावांनी मान वर केली. लेकीकडे पाहिलं. ती पटाकडे बघत होती, आणि तिचं एक बोट पटाच्या कडेवर होतं, लहानपणी मधे बसायची तसं. त्यांनी पिवळं पुस्तक मिटलं. मग मराठी पुस्तक पुन्हा ओढून घेतलं, दोन पानं उलटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा जावयाकडे सरळ बघून बुद्धिबळाचं विचारलं.

"जवाईबापू, हे वाचून एकट्याले येईन का?"

निवृत्तीनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर हो म्हणणं सोपं होतं. तो म्हणाला, "नाही येत, मामाजी. समोर मानूस लागते."

"मी लय वेळा हरीन याच्यात."

"सुरुवातीले सारेच हरतात."

"मुद्दाम नाही. खरोखरचा हरीन," शेषराव म्हणाले, आणि ही गोष्ट त्यांना फार पसंत पडलेली दिसली. मग पटावरची अवघड चाल मोजत असल्यासारखे हळूहळू बोलले. "तुमी शिकवसान, तं मंग ते लेकीचं घर नाही राह्यत. मास्तराचं घर होते. मास्तराच्या घरी मानूस जेवते."

दुकानदार पुस्तक कागदात गुंडाळत होता. "म्हणजे बाबा, लेकीला तुम्ही बेघरच केलं की," तो म्हणाला. शेषरावांनी त्याला, तुमी आपली सुतळी बांधा, असं सुनावलं. सोजरा पदराआडून हसली आणि तिला पदर डोळ्यांनाही लावावा लागला.

घरी आल्यावर तिनं कुणाला काही विचारलं नाही. परात काढली आणि पीठ जास्तीचं घेतलं. ओसरीवर पट मांडला गेला. प्यादं दोन घरं का जावं यावर बराच वेळ वाद चालला. शेषरावांचं म्हणणं, घाई कशाची, शत्रू काही पळून चालला नाही. निवृत्ती नियम वाचून दाखवत होता. एसटीची वेळ झाली आणि निघून गेली. आत चुलीपुढं सोजराला ते कळलं, पण ती बोलली नाही. बोललं की बाबांना आठवेल, असं तिला वाटलं.

दोन ताटं वाढून तिनं समोर ठेवली. शेषरावांनी ताटाकडे पाहिलं, हात जोडले, पहिला घास मोडला. पाहुण्यासारखे नीट बसून ते जेवत होते. कौतुक करतील, वास चांगला आला म्हणतील, आणि उद्या सकाळी निघतील, अशी सोजरानं मनाची तयारी केली. तिसऱ्या घासाला ते थांबले.

"सोजरे, भाजीत मीठ कमी हाये."

आई असताना ते रोज असंच म्हणायचे. सोजरा मीठ आणायला आत गेली. मिठाचा डबा समोरच होता, पण तिला बाहेर यायला बराच वेळ लागला.