बेर्तोचा हात

बेर्तोने शाफ्ट चिंधीने कोरडा पुसला, गिअरबॉक्समधल्या ब्राँझच्या कड्यात, बुशमध्ये, पुन्हा उतरवला आणि वरचं टोक दोन बोटांत धरून हळूच पुढेमागे हलवलं. मग डोळे मिटले. काहीच नाही. बुश झिजलाय की नाही हे पुढचं, बोटांना शाफ्टच लागत नव्हता.

समोर उलट्या बादलीवर बसलेला ओरेस्तेस त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"काय डॉक्टर, पेशंट आहे की गेला?"

"थांब की जरा. एवढी घाई असेल तर घोडागाडीने मिरव नातीला."

"पंधराव्या वाढदिवसाला घोडागाडीने कार्देनासमधली कुणीही पोरगी मिरवेल. माझी नात हार्लीनेच जाणार."

कार्देनासमध्ये जुन्या हार्लीचा गिअरबॉक्स बेर्तोचा हात लागल्याशिवाय कुणी बंद करत नसे. बुशच्या आतलं माप घ्यायचं धड साधन गावात उरलं नव्हतं, आणि असतं तरी लोकांनी आधी बेर्तोलाच विचारलं असतं. तो शाफ्ट हलवून बघायचा आणि 'चालेल' किंवा 'काढ' एवढंच म्हणायचा. पुन्हा कुणी विचारत नसे. पण गेल्या हिवाळ्यापासून साखरेच्या दुखण्याने त्याची बोटं शेंड्यापासून बधिर होत आली होती. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची त्याला लाज वाटत होती आणि भीतीही.

मोटारसायकल ओरेस्तेसच्या मुलाची, लिओनेलची. तो समुद्रापलीकडे तांपाला गेला तेव्हा त्याची मुलगी दायामी कडेवर होती. पंधरावं लागलं की पोरीला नवा झगा घालून माझ्या साइडकारमधून किनाऱ्याच्या रस्त्याने फिरवायचं, असं तो जाताना बजावून गेला होता. तो दिवस आता या रविवारी होता. आजोबा चालवणार होते आणि बाप तिकडून फोनवर बघणार होता. अशात गिअर आपोआप सुटायला लागला, म्हणून बॉक्स उघडला होता. बुश चांगला असला तर संध्याकाळपर्यंत सगळं जोडून होणार होतं. झिजलेला असला तर नवा करायला ब्राँझ नव्हतं. जहाजाच्या जुन्या पंख्याचा तुकडा वर्षानुवर्षं पुरवला होता, तोही संपला, आणि लेथवाला तर लिओनेलच्या पाठोपाठ गेला. झिजलेल्या बुशवर गाडी काढली तर शाफ्ट तिरका होणार, दाते अडकणार आणि मागचं चाक धावत्या बसगाड्यांमध्ये जागच्या जागी जाम होणार. 'चालेल' म्हणायला बेर्तोची जीभ रेटत नव्हती, आणि 'काढ' तरी कशाच्या जोरावर म्हणणार?

त्याने बॉक्स फिरवून घेतला. बुश झिजतो तो एका अंगाने, चेन ओढते तिकडे. त्या बाजूला शाफ्ट रेटून त्याने कान लावला, पण शेजारच्या घरातल्या गाण्यापुढे काही ऐकू येईना.

"तू बघ," शेवटी तो म्हणाला.

"मी? माझ्या हाताला तू गाढवाचा खूर म्हणतोस ना?"

"आजही म्हणतो. तरी बघ."

ओरेस्तेसने सवयीने शाफ्टला तेलाचं बोट लावलं आणि तो बुशमध्ये घातला. त्याचा चेहरा उजळला. "अरे, घट्ट आहे! पहिल्या दिवसासारखा."

"तेल लावलंस. तेलाने फट भरते, मेल्या. कोरडा करून बघ."

ओरेस्तेसने दोन्ही पुसून पुन्हा हलवलं.

"हलतो थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडा म्हणजे थोडा. कसं सांगू?"

"बोटातल्या अंगठीसारखा, की पडायला आलेल्या दातासारखा?"

"कुणाच्या बोटातली अंगठी? माझ्या की तुझ्या?" ओरेस्तेस हसला. "तूच सांग ना. तुझं काम आहे ते."

बेर्तोने बॉक्स त्याच्याकडून ओढून घेतला. त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. मित्राच्या हाताला जे कळलं होतं ते त्याच्या हातात काही केल्या उतरणार नव्हतं. शाफ्ट उपसून तो बुशच्या आतून बोट फिरवत राहिला, एकदा, पुन्हा, दाबून.

ओरेस्तेसचं हसू थांबलं. तो बेर्तोच्या हाताकडे बघत होता.

"राहू दे, बेर्तो. गेलाय तो बुश. माझ्या हाताला चांगलं कळलं."

"आत्ता तर थोडा म्हणालास."

"गेलाय म्हणतो ना! पोरीला बसवायचंय त्यात. नको." त्याने बॉक्स उचलून बाजूला ठेवला आणि चिंधी बेर्तोपुढे केली. "हात पूस."

बेर्तोने खाली पाहिलं. बुशच्या धारेने बोट चांगलं खोल कापलं होतं आणि बाकावर रक्ताचं थारोळं झालं होतं. कधी कापलं, त्याला पत्ता नव्हता. त्याने चिंधी बोटाभोवती गुंडाळली. दोघंही एकमेकांकडे बघेनात.

तेवढ्यात दायामी आली. केसांना रोलर लावलेले, पायात सपाता. झग्याची दुरुस्ती अर्धी टाकून धावत आली असावी.

"झाली का हो, आजोबा? बाबांचा फोन आलाय, विचारतायत."

ओरेस्तेस दाराकडे तोंड करून हत्यारं गोळा करत होता. "बेर्तो आजोबा नाही म्हणतात. बुश गेलाय."

पोरीचा चेहरा एकदम पडला. ती आजोबांकडे न जाता बेर्तोकडे आली. "तुम्ही स्वतः बघितलंत? नक्की?"

बेर्तोने ओरेस्तेसच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ हलली नाही.

"नक्की," तो म्हणाला. "माझा हात कधी चुकलाय का?"

"नाही," दायामी म्हणाली. तिने डोळे पुसले. "तुम्ही म्हणताय म्हणजे मग झालंच." जाता जाता तिने वाकून त्याच्या गालाचा पापा घेतला आणि त्याचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

तिने तो घट्ट दाबला. बेर्तोला ते दिसलं.